मागवलं एक, पाठवलं भलतंच

अण्णांच्या हार्डवेअरच्या दुकानात माल सहजासहजी मिळत नसे. आधी चौकशी होई. गिऱ्हाईक म्हणे, "दोन बिजागऱ्या द्या," की अण्णा चष्मा कपाळावर चढवून विचारत, "कशाला हव्यात?" मग दार कुठलं, लाकडाचं की प्लायचं, भिंतीला ओल येते का, घरात दार आपटायची सवय कोणाला आहे, अशी सगळी उलटतपासणी व्हायची. ती संपली की अण्णा आत जायचे आणि बऱ्याच वेळा बिजागरीऐवजी चिमूटभर स्क्रू घेऊन बाहेर यायचे. "बिजागरी ठणठणीत आहे हो तुमची. स्क्रू गंजलेत. हे लावा आणि गप घरी जा." अशाने दुकान मोठं होत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण त्या गल्लीत मोठं व्हायची घाई कोणालाच नव्हती.

घाई आली ती बाहेरून. ऑनलाइन माल विकणारी ती बडी कंपनी, जिची खोकी हल्ली प्रत्येक जिन्याखाली साठलेली असतात, तिला पार्सलं ठेवायला गल्लीच्या तोंडाशी जागा हवी होती, आणि अण्णांचं दुकान अगदी तोंडाशी. कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, जिभेवर साखर. गल्लीने त्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं : टायवाला. तो म्हणाला, "अण्णा, जन्मभर खपलात. आता आराम करा. दुकान आम्हाला भाड्याने द्या. आम्ही फळ्या ठोकू, पार्सलं लावू. तुम्ही घरी बसून मजा बघा."

आणि नवल म्हणजे अण्णा नाही म्हणाले नाहीत. "महिनाअखेर या," म्हणाले, "तोवर विचार करतो."

हे ऐकून सूनबाई खिळे मोजता मोजता आकडाच विसरली.

सूनबाई म्हणजे अण्णांची सून. अण्णा दिवसभर "सूनबाई, सूनबाई" अशा इतक्या हाका मारत, की ती सगळ्या गल्लीचीच सूनबाई होऊन बसली होती. वयाने तिच्याहून लहान असलेला पोस्टमनसुद्धा तिला सूनबाईच म्हणे. ती आधी त्याच बड्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर कामाला होती. दिवसभर कानाला हेडफोन लावून अनोळखी लोकांची माफी मागायची. झोपेतसुद्धा ती "आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत" असं पुटपुटायची, आणि नवरा कूस बदलून म्हणायचा, "काही हरकत नाही." तिने नोकरी सोडली ती एका फोनमुळे. एका लहान कारखान्याच्या मालकिणीचा फोन होता. तिने स्वतः घडवलेलं झाकणाचं हँडल कंपनीने आधी विकलं, मग हुबेहूब तसंच आपल्या नावाने बनवून स्वस्तात काढलं, आणि हिचं पार मागच्या पानावर ढकललं. बाई रडत नव्हती, ओरडत नव्हती. "आता मी काय करू, ते सांगा," एवढंच विचारत होती. सूनबाईला उत्तर म्हणून जे वाचून दाखवायचं होतं ते तिच्याच्याने वाचवेना. तिने हेडफोन काढून ठेवला, आणि त्यानंतर त्या कंपनीची काडीसुद्धा घरात आणायची नाही असा कानाला खडा लावला.

खडा लावणं सोपं, निभावणं अवघड. चपला थेट बनवणाऱ्याकडून मागवल्या, त्या छान आल्या, पण दोन्ही डाव्या पायाच्या. कपडे धुवायच्या मशीनचा पट्टा एका भल्या माणसाकडून मागवला. तो इतका भला, की पाठवायचंच विसरला. नवरा नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होता आणि स्वभावाने गमत्या. तो म्हणे, "नीतिमान वस्तू नेहमी उशिरा येतात, आणि आल्या तर डाव्या पायाच्या येतात." सूनबाई हसायची, पण तिला कळत होतं. लोक त्या कंपनीच्या प्रेमात वगैरे नव्हते. त्यांना फक्त सांगितलेली वस्तू सांगितलेल्या दिवशी दारात हवी होती. दुसरं कोणी तेवढं केलं असतं, तर निम्मे लोक हसत हसत तिकडे गेले असते.

म्हणून नोकरी सुटल्यापासून ती दुकानात राबत होती. खिळ्यांचे खण तिने लावले, पुडे तिने बांधले, जाळीजळमटं तिने काढली. ते दुकान तिला मनापासून आवडायचं. तेलाचा आणि लोखंडाचा तो वास आवडायचा, कोणाचं तरी दार नीट लागणार आहे या विचाराने तिला बरं वाटायचं. हे तिने अण्णांना कधी सांगितलं नव्हतं, आणि अण्णांना ते आपणहून सुचेल असा त्यांचा पिंड नव्हता.

त्या रात्रीच्या जेवणाला ती म्हणाली, "अण्णा, मला हा महिना द्या. आपण गल्लीची वेबसाइट काढू. तुम्ही, बटणवाल्या मावशी, पंपवाले काका. लोकांनी घरबसल्या मागवायचं, आपण दुसऱ्या दिवशी पोचवायचं."

अण्णा घास तोंडाशी धरून थांबले. "आणि नाही चाललं तर?"

"तर टायवाल्याच्या फळ्या."

"घे महिना," अण्णा म्हणाले. "पण मी थकलोय गं सूनबाई. नाही जमलं तर रडायचं नाही."

झालं. नवऱ्याने मांडणी केली, सूनबाईने फोटो काढले. अण्णा प्रत्येक बिजागरी अशी ताठ धरायचे की जणू तिचा पासपोर्ट काढायचाय. बटणवाल्या मावशी सुईदोऱ्याचं आणि बटणांचं दुकान चालवायच्या. त्यांनी प्रत्येक फोटोत आपणही दिसलं पाहिजे असा हट्ट धरला, त्यामुळे कित्येक बटणांमागे मावशींची हनुवटी आली. सायकलदुरुस्तीवाल्या पंपवाल्या काकांकडे पोचवायचं काम आलं. दुरुस्त झालेली सायकल पळवून तर बघावीच लागते. मग रिकामी कशाला पळवायची, असा त्यांचा बिनतोड सवाल. त्यामुळे पार्सल कधी लेडीज सायकलवरून यायचं, कधी मागे टोपली असलेल्या, कधी भोंगा वाजवणाऱ्या.

पहिल्या आठवड्यात गल्लीला पंख फुटले. फोन वाजला की मावशी रस्त्यापलीकडून ओरडायच्या, "आलं का गं?" आणि सूनबाई ओरडायची, "आलं!" पंपवाले काका शीळ घालत जायचे आणि घाम पुसत यायचे. अण्णासुद्धा खोकी बांधताना गुणगुणताना सापडले, पण सापडल्यावर कबूल झाले नाहीत.

मग तक्रारी सुरू झाल्या.

पहिली दातांच्या डॉक्टरीणबाईंची. "लाल बटणं मागवली, राखाडी आली." सूनबाई तडक मावशींकडे गेली. मावशी काउंटरवर कोपर टेकून निवांत बसल्या होत्या.

"मावशी, लाल होती ना आपल्याकडे?"

"आहेत की. भरपूर."

"मग राखाडी का पाठवलीत?"

"अगं, तिचा तो राखाडी कोट मी ओळखते. लाल बटणं लावून दात काढणार ती? पेशंट खुर्चीतून उठून पळतील."

दुसरी तक्रार : सायकलची नवी ट्यूब मागवली, पोचलीच नाही. पंपवाले काका म्हणाले, "सूनबाई, मी गेलो होतो. घरी कोणी नव्हतं, सायकल जिन्याखाली होती. जुनी ट्यूब बघितली. एवढंसं पंक्चर! तिथंच उकिडवा बसून काढून दिलं, ट्यूब परत आणली. उगाच चांगली ट्यूब कचऱ्यात का घालायची?"

"पण काका, वेबसाइटवर दिसतंय की माल पोचला नाही!"

"नाहीच पोचला," काका अभिमानाने म्हणाले.

सूनबाईने कपाळावर हात मारून घेतला. बड्या कंपनीतसुद्धा चुकीची वस्तू जायची, पण ती बिचारी चुकून जायची. इथे तिघेजण ठरवून, विचारपूर्वक, गिऱ्हाइकाच्या भल्यासाठी चुकीच्या वस्तू पाठवत होते! अण्णांचं काही वेगळं नसणार हे तिने ताडलं. विचारल्यावर अण्णांनी ताकास तूर लागू दिली नाही. "एखाददुसरी वस्तू बदलली असेल. बरी होती म्हणून बदलली."

"अण्णा, लोक मागतील ते द्यायचं!"

"मागेल ते द्यायला यंत्र पुरतं," अण्णा म्हणाले, आणि मान फिरवून खिळे निवडायला लागले. मावशीही रुसल्या, काकाही. तीन दुकानं, तीन फुगलेली तोंडं. इकडे वेबसाइटवर एकेक चांदणीचे शेरे झळकले आणि मागण्या आटल्या. सूनबाई मनातल्या मनात फळ्यांचे खिळे मोजायला लागली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. टायवाला दुपारी कागद घेऊन येणार होता. सकाळी सूनबाईने ठरवलं, जाता जाता निदान माफी तरी नीट मागू. तेवढं तिला येत होतं. तिने दुकानातूनच एकेकाला फोन लावले, फोन स्पीकरवर टाकून, म्हणजे अण्णांच्याही कानावर जावं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बटणं लावली मी. खरं सांगू का, छान दिसतात. पण मला विचारायचं तरी! विचारलं असतं तर मीच म्हणाले असते, राखाडी द्या." ट्यूबवाला म्हणाला, "सायकल झकास चालतेय. फक्त तुमची ट्यूब येणार म्हणून मी दुसऱ्या दिवशी रजा काढून घरी बसलो त्याचं काय?"

तिसऱ्या माणसाने फोन उचलला तोच तावातावाने. "माझ्या आईच्या हातात जोर नाही. म्हणून मुद्दाम हलकी कडी मागवली होती न्हाणीघराला. तुम्ही ही दांडगी पाठवलीत. सुताराने आली तशी ठोकली. काल आई आत अडकली! शेजाऱ्यांनी दार उचकटून काढलं."

"अगबाई! आईंना काही लागलं का?"

"आईला नाही लागलं, दाराचा भुगा झाला. आई आतून गाणी म्हणत होती, म्हणून तर कोणाला लवकर कळलं नाही!"

सूनबाईला हसू आवरेना आणि लाजही वाटली. तिने मागे बघितलं तर अण्णांचा चेहरा पांढराफटक.

"ती कडी मी दिली," फोन ठेवल्यावर अण्णा हळूच म्हणाले. "वाटलं, न्हाणीघर, पाण्याची जागा, दणकट हवी. अगं, आयुष्यात कधी न विचारता कडी दिली नाही मी. आणि या खेपेला विचारलं नाही."

"विचारणार कसे, अण्णा?" सूनबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. विचारायला जागाच कुठे होती? वेबसाइट काढताना तिने डोळ्यांसमोर ठेवली होती ती त्याच बड्या कंपनीची. वस्तू, आकडा, पत्ता, संपलं. ही तिघं जन्मभर गिऱ्हाइकाला विचारून माल देत आलेली. तिने त्यांच्या तोंडातला प्रश्न काढून घेतला होता, मग उत्तरं त्यांनी आपल्या मनानेच देऊन टाकली. चूक त्यांची होती, तशीच तिचीही होती.

ती काही बोलणार तोवर अण्णांनी अवजारांची पिशवी खांद्याला लावली, हलक्या कड्यांचा एक पुडा खिशात कोंबला आणि पंपवाल्या काकांच्या सायकलवर मागे बसलेसुद्धा.

"अण्णा, दुपारी टायवाला येणार आहे!"

"बसू दे त्याला," अण्णा म्हणाले, आणि सायकल हेलकावे खात वळणाआड गेली.

सूनबाईने पदर खोचला म्हणा ना. वेबसाइट उघडली आणि प्रत्येक वस्तूखाली एक चौकट टाकली : "कशाला हवंय? सांगितलंत तर बरं, नाही सांगितलंत तरी हरकत नाही." खाली लिहिलं, "तुम्हाला फोन केल्याशिवाय आम्ही आता काहीही बदलणार नाही. मावशींनी शपथ घेतली आहे." मावशींनी खरोखर घेतली, सुईदोऱ्याची. मग आजवरच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तिने दोन ओळी धाडल्या : आम्ही तुम्हाला न विचारता शहाणपणा केला, चुकलो, आता विचारतोय.

टायवाला आला तेव्हा ती फोनकडे टक लावून बसली होती. "अण्णा?"

"कडी बसवायला गेलेत. बसा."

तो खिळ्यांच्या पेटीवर रुमाल अंथरून बसला. तेवढ्यात फोन किणकिणला. मग परत. मग किणकिण थांबेचना.

लोक लिहीत होते. लोक पानंच्या पानं लिहीत होते! एका शिक्षकाने लिहिलं, "शाळेच्या नाटकात छतावरून चंद्र टांगायचाय. पुठ्ठ्याचा आहे, पण मुलांनी रंग फार जाड दिलाय. कसला हूक लागेल?" एका बाईने लिहिलं, "एकच बटण हवंय, निळं. नवऱ्याच्या आवडत्या शर्टाचं इस्त्रीने वितळलं. त्याला कळता कामा नये." एकाने लिहिलं, "आमच्या मांजराला कपाट उघडता येतं. मांजराला न येणारी पण माझ्या बायकोला येणारी कडी हवी." मावशी रस्ता ओलांडून आल्या आणि निळ्या बटणाच्या बाईला फोन लावून अशा कुजबुजायला लागल्या, जणू दोघी मिळून बँक लुटणार आहेत. टायवाला मान लांब करून वाचत होता. वाचता वाचता खो खो हसला.

"मांजरासाठी कडी वरच्या बाजूला लावायला सांगा," तो म्हणाला. "माझ्या बहिणीकडे तसंच केलं." मग आपण कोण आणि कशाला आलोय हे आठवून त्याने टाय सरळ केला.

ऊन कलतं झालं तेव्हा अण्णा परतले. केसांत भुसा, सदऱ्यावर ग्रीस, आणि चेहरा असा की सूनबाईने तो आधी कधी बघितलाच नव्हता. आत पाऊल टाकल्या टाकल्या बोलायला लागले.

"हलकी कडी बसवली. म्हातारीकडून दहादा उघडून घेतली. मग ती म्हणाली, आता ही खिडकी बघा. खिडकी झाली. मग शेजारीण आली, तिचं दार जमिनीला घासतंय. मग वरच्या मजल्यावरचा आला. सगळी इमारत, सूनबाई! कोणाचं काही धड लागत नाही. त्यांनी ऑनलाइन काय काय मागवून ठेवलंय, आणि कोणालाच ठाऊक नाही कुठे काय लावायचं. सगळे म्हणतात, अण्णा, हे कसं करायचं ते सांगा." ते थांबले. चष्मा काढून पुसायला लागले, आणि पुसतच राहिले. "मला विचारलं गं. किती दिवसांत कोणी मला काही विचारलं नव्हतं. हल्ली येतात, फोनवरचं चित्र दाखवतात, हे द्या म्हणतात. मी दिलं काय आणि फळीने दिलं काय."

 महिनाभर ती समजत होती की अण्णा थकलेत. अण्णा थकले नव्हते. ते एकटे पडले होते, तेही भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. ती नुसतीच त्यांच्या हातातली जड पिशवी घेऊन उभी राहिली.

टायवाला खाकरला. कागद पुढे केले. "अण्णा, मग आपलं ते..."

"हो, हो," अण्णा म्हणाले. "दुकान द्यायचंच आहे मला. ते माझं ठरलंय."

 मावशींच्या हातातलं बटण खाली पडून गडगडत गेलं.

"एका जागी बसून मला काय कळणार कोणाचं दार कसं आहे ते? उद्यापासून मी घरोघर जाणार," अण्णा म्हणाले. "तेव्हा दुकान मी देऊन टाकलं. फक्त तुम्हाला नाही, साहेब. हिला."

 मग मावशींनी अशी टाळी वाजवली की पंपवाले काका दचकून सायकलवरून उतरलेच. टायवाल्याने कागदांची नीट घडी घातली. त्याला वाईट वाटलं असेल, पण तसं दिसलं नाही. "मांजराचं काय ठरलं ते कळवा," एवढं म्हणून तो गेला.

"अण्णा, मला हिशेब येतो, फोन येतो," सूनबाई अडखळत म्हणाली, "पण कडी-कोयंड्यातलं मला अजून..."

"मला विचार ना," अण्णा खुशीत म्हणाले. "मी कुठे पळून चाललोय? रोज विचार. बस आता."

काउंटरमागे अण्णांची उंच लाकडी खुर्ची होती. त्यांच्या लांब टांगांसाठी त्यांनी ती स्वतःच बनवली होती, आणि तिच्यावर आजवर दुसरं कोणी बसलं नव्हतं. सूनबाई कशीबशी चढून बसली. पाय अधांतरी लोंबकळायला लागले. तिला एकदम हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांतून पाणीही आलं.

अण्णांनी खाली वाकून तिच्या टाचा आणि जमीन यांतलं अंतर बोटांनी मापलं. मग पिशवीत हात घालून करवत काढली.

"उतर जरा," ते म्हणाले, "पाय तुझ्या मापाचे करून देतो."